मागून ठोकलेली गाडी

ऐन एप्रिलात माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर गेला. शोरूमवाले रोज "पार्ट मागवलाय" एवढंच म्हणायचे. शेवटी वैतागून मी अंबडला, भंगारातल्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एकाकडे गेलो. त्याने माझ्याच मॉडेलची गाडी दाखवली. "साहेब, मागून ठोकलीय. पुढचं सगळं शाबूत आहे," तो म्हणाला. मी खूश झालो.

त्याने कॉम्प्रेसर काढून माझ्या हातात दिला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. दसऱ्याला माझी बायकोही मला बॉनेट उघडायला लावते. नुसत्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. इथेही कोणीतरी तसाच आत हात घातला असणार. तो फडक्याने ते पुसायला लागला, तसा मी त्याच्यावर खेकसलो, "राहू दे ते!" मागच्या सीटवर कोण होतं, हे विचारायला मात्र माझं तोंड उघडलं नाही.

एसी आता मस्त गार हवा देतो. पण कॉलेजातली माझी मुलगी सवयीने मागचं दार उघडते आणि मी तिच्यावर ओरडतो, "पुढे बस म्हटलं ना!"