हिसकामामांचा लंगर

हिसकामामांच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्याला हिसका द्यायचे. विहिरीचा दोर असो, बैलाचं दावं असो की नवरदेवाचा शेला. माझं पहिलं पत्रक त्यांनी असंच दोन्ही हातांनी ताणलं आणि ते मधोमध फाटलं. "कागद कच्चा हाय," ते म्हणाले, "मजकूर तरी पक्का हाय का?" मी चिडलो. त्या वर्षांत मी सहज चिडायचो, आणि चिडण्यासारखं पुष्कळ होतं.

गोदावरीच्या आमच्या घाटावर ते नाव चालवायचे. वस्ती अलीकडे, शाळा, दवाखाना आणि पाथरीची जीप पलीकडे. बांबूनं रेटायचं, वारा मिळाला तर गोणपाटाचं ठिगळलेलं शीड लावायचं. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं तेव्हा गावातल्या बड्या मंडळींनी फर्मावलं, की आमच्या वस्तीनं नावेत मागच्या टोकाला बसायचं. मामांनी त्यांच्यातल्याच एका जाडजूड मालकांचा हात धरून त्यांना मधल्या ओल्या फळीवर बसवलं. "मालक, हितं वजन बघून बसायचं. तुमी टोकाला बसलाव तर आमी सगळे आभाळाकडं बघत बसू." सगळी नाव हसली. मालकही हसले, नाइलाजानं.

पुढच्या पावसाळ्यात ती नाव धारेला लागून वाहत गेली. भर पाण्यात बांबू तळाला टेकेना, वाऱ्यानं नाव भरकटली, मामांनी लंगर टाकला तर तो धरेना. पंधरा माणसं घेऊन ती खाली एका बाभळीला अडकली म्हणून वाचली. त्यात माझी बहीण होती. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: 'चिमुकल्या लंगरावर जनतेचे प्राण टांगणाऱ्यांचा धिक्कार असो! मोठा लंगर मिळालाच पाहिजे!' तहसील कचेरीसमोर दोन दिवस ठाण मांडलं. आणि काय आश्चर्य, साहेबांनी मागणी मान्य केली! आम्हाला मागण्या मान्य होण्याची सवय नव्हती. बैलगाडीतून लंगर आला तेव्हा हलगी वाजवली. उतरवायला चौघे लागले.

मामा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. "कुणी मागितला?"

"आम्ही."

"मला इचारलं का?"

"त्यात विचारायचं काय? जुना हलका होता, घसरला."

"लंगर न्हाई घसरला. दोर आखूड होता."

त्यांनी जुना लंगर वाळूत रोवला, दोर माझ्या हाती दिला आणि मला अगदी जवळ उभं केलं. "वड." मी ओढला, लंगर मुळ्यासारखा उपटून आला. मग पुन्हा रोवून मला पार लांब नेलं. "आता वड." मी जोर लावला तसा तो आणखी रुतला आणि मीच तोंडावर आपटलो. पोरी खिदळल्या.

"जवळून वडलं की वर उचलतंय, लांबून वडलं की खाली रुततंय. पाणी दोन पुरुष असंल तर दोर चौदा पुरुष पायजे. अन् लंगरापाशी साखळी, म्हंजी त्याची मान खाली ऱ्हाती, दोर बी दगडावर घासत न्हाई. ह्ये धूड मला एकट्याला उचलायचं तरी हाय का? ह्या आखूड दोरावर मी एक माणूस बशिवणार न्हाई."

चार दिवसांवर परभणीचा मोर्चा होता. सगळी वस्ती पलीकडे न्यायची होती. कार्यकर्ते म्हणाले, "चूक कबूल केली तर विरोधक दात काढतील. एक दिवसाचा तर प्रश्न आहे, मामांना समजाव." मला बाभळीला धरून बसलेली बहीण आठवली. मी नवं पत्रक लिहिलं: 'आमची मागणी चुकली. मोठा लंगर परत घ्या. लांब दोर आणि साखळी द्या.' साहेब डोळे पुसेपर्यंत हसले, आणि पाथरीच्या लोखंडवाल्याला बदलीची चिठ्ठी दिली.

तिथं मामांनी साखळीची एकेक कडी दगडावर आपटून ऐकली. दोन साखळ्या नाकारल्या. दुकानदार वैतागला, "मामा, साखळी घ्यायलाव का जावई बघायलाव?"

"जावई वाईट निघाला तर पोरगी घरी आणता येतीय, शेठ. कडी वाईट निघाली तर कुणाला आणू?"

मोर्चाच्या सकाळी तिसऱ्या फेरीला वारा सुटला. बांबू पुन्हा टेकेना. मामांनी तोच जुना लंगर सोडला, नवा दोर हातातून सरकू देत राहिले, देत राहिले, आणि मग खुंटाला दोन वेढे मारले. नावेनं तोंड फिरवलं, धारेला सामोरी झाली आणि थांबली. भेदरलेल्या आमच्या पोरांनी एकदम 'जय भीम'चा गजर केला. "घोषणा द्या," मामा ओरडले, "पर हलू नका!" वारा पडेपर्यंत आम्ही तसेच, मांड्या न हलवता, गर्जत राहिलो.

पलीकडे उतरल्यावर मी म्हणालो, "मामा, तुम्हीपण चला."

"मी आलो तर तुमाला म्हागारी कोण आणंल?"

पुढं मामा वारले, त्यानंतर विद्यापीठाचा नामविस्तार झाला. आता मी कुठलीही मागणी लिहिण्याआधी, ज्याच्या हातानं ते काम चालतं त्याच्याकडे जाऊन बसतो. सहकारी म्हणतात, तुझी पत्रकं उशिरा निघतात. निघू देत.

मोर्चाच्या त्या संध्याकाळी आम्ही घसे बसवून घाटावर आलो, तर मामा काठाशी भाकरी खात बसले होते. एकेकाला हात देऊन त्यांनी नावेत घेतलं. माझी बहीण चढली, तेव्हा तिला विचारलं, "झालं का काम?"

"अजून कुठलं, मामा."

"मग परत जावं लागंल," ते म्हणाले आणि बांबू उचलला. "जाऊ की. मी हाय."