फक्कीच्या पलीकडचा पट्टा

फाटकाशी आले की वहाणा काढायच्या. त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायच्या.

मैदानात अनवाणी फिरायचं. ऐन उन्हाळ्यातसुद्धा.

गळ्यात शिट्टी अडकवायची, पण वाजवायची नाही. कुणाला बोलवायचं झालं तर जिभेनं 'ट्रर्र हेऽऽ' करायचं, मेंढरांना करतात तसं.

बागेतला बाक रोज पुसायचा. त्यावर स्वतः कधी बसायचं नाही.

चुन्याची पांढरी फक्की हातात घेऊन मैदानावर रेघ मारताना बोलायचं नाही. रेघ संपली की मग उत्तर द्यायचं. विचारणारा सरपंच असला तरी.

उपटलेलं तण मुळं वर करून ठेवायचं.

संध्याकाळी फाटक लावताना मागे वळून मोकळ्या मैदानाला म्हणायचं, "बसा आता."

या बिरूमामांच्या सवयी. मंगळवारी दुपारी चहा पिता पिता त्यांच्या छातीत दुखू लागलं. कळंबच्या दवाखान्यापर्यंत जीप पोचली, मामा पोचले नाहीत. त्या दिवशी सकाळी आम्ही बोललो होतो. त्यामुळे मला अजून ते खरं वाटत नाही. मी हे लिहायला बसले आहे, आणि मध्येच वाटतं, उठावं आणि मामांना वाचून दाखवावं.

ते माझे मामा नव्हते. गावातल्या सगळ्या पोरांचे ते मामाच होते. माझ्यापुरतं विचाराल तर दोस्त होते. वयात तिशीहून जास्त अंतर होतं. तरी दोस्त हाच शब्द बरोबर आहे.

आमचं गाव बाजाराचं. मागे एक गायरानाचा तुकडा होता, तो ग्रामपंचायतीनं सपाट करून मैदान केलं. कडेला चार झाडं लावून बाग केली. या दोन्हीची राखण करायला एक्क्याण्णव साली बिरदेव नावाचा माणूस ठेवला. आणे पठाराकडचा. घरी मेंढरं. थोरला भाऊ सोमनाथ कळप घेऊन हिंडायचा. बिरदेवांचा गुडघा एकदा ओढ्यात दुखावला, तेव्हापासून त्यांना कळपामागं चालवेना. म्हणून ते बायको रतनबाईंना घेऊन आमच्या गावी आले आणि एका जागी थांबले.

राखण करा एवढंच त्यांना सांगितलं होतं. बाकीचं त्यांनी आपलं आपण वाढवलं. सकाळी म्हाताऱ्यांना बागेत फेऱ्या. मे महिन्यात पोरांचं शिबिर. यात्रेत कुस्त्यांचा आखाडा. गणपतीत लिंबू-चमचा. संक्रांतीला बायकांची संगीत खुर्ची. टेप बंद करायचं काम मामांचं. पक्षपात नको म्हणून ते पाठ करून उभे राहायचे. एका वर्षी पहिल्याच फेरीत रतनमामी बाद झाल्या. त्या आठवडाभर मामांशी बोलल्या नाहीत.

"पाठ करून व्हतो गं मी," मामा सांगायचे.

"पाठीला बी डोळं असत्यात नवऱ्याच्या," मामी म्हणायच्या.

संध्याकाळी मैदान मुलग्यांचं असायचं. क्रिकेट. आम्ही मुली भिंतीवर बसून बघायचो. एक दिवस मामांनी मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ मारली. रेघेच्या अलीकडं मुली, पलीकडं मुलगे. अलीकडं त्यांनी दोन खांब रोवले, त्यांच्याभोवती फक्कीनं चौक आखला आणि आम्हाला म्हणाले, "खो-खो येतो ना शाळंत? मंग खेळा की. भिंतीला काय राखताय?"

पंचायतीत सयाजीआण्णा सभासद होते. मोठे बागायतदार, बोलायला तिखट, मनानं वाईट नव्हेत. त्यांचा नातू क्रिकेटच्या संघाचा कप्तान आणि नात संस्कृती आमच्यात. ते फाटकाशी येऊन म्हणाले, "बिरदेव, पोरींना मैदान कशाला? घरी अंगण न्हाई का?"

मामा रेघ मारत होते. रेघ संपेपर्यंत आण्णा तिष्ठत उभे. मग मामा म्हणाले, "हाय की. पर तिथं खांब रवला तर तुमच्या घरच्या आक्का मला रवतील."

आण्णांना हसू आलं. रेघ राहिली.

मी तेव्हा सातवीत होते. आमचं मैदान मुरमाचं होतं. खो-खोत पळणारीला गाठायचं तर अंग झोकून सूर मारावा लागतो. मुरमावर सूर मारला की गुडघे आणि कोपर सोलून निघायचे. आम्ही सूर मारायचं टाळायचो आणि प्रत्येक सामना हरायचो. जुन्नरला तालुक्याच्या सामन्यात हरून आलो, तेव्हा मामांनी माझे गुडघे पाहिले. खाली बसून मूठभर माती उचलली, वास घेतला, टाकून दिली.

"उपाशी हाय ही," म्हणाले.

मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या माणसाला उपाशी मातीवर एकच इलाज माहीत असतो. दिवाळीनंतर मेंढरं पठारावरून खाली येतात, तेव्हा शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. लेंड्या आणि मूत मुरलं की रान उठतं. त्या वर्षी सोमनाथमामांचा कळप आमच्या गावावरून पश्चिमेला चालला होता. बिरूमामांनी तो मैदानात वळवला. खांबांच्या भोवती वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. सकाळी फेऱ्या मारायला आलेले म्हातारे फाटकातच थबकले. आमच्या खो-खोच्या चौकात मेंढरं रवंथ करत बसली होती.

"बिरदेव, मैदान हाय का कोंडवाडा?"

"संघ बदललाय," मामा म्हणाले. "ह्ये तुमच्या पोरांवानी भांडत न्हाईत."

पावसाळ्यात मैदान हिरवं झालं. हरळी पसरली. आम्ही तिच्यावर लोळलो. मामा खांबाला टेकून नुसते बघत होते. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

हरळीबरोबर आणखी एक वेल आली होती. जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पानांची, इवल्या पिवळ्या फुलांची. आम्ही ती फुलं केसांत घातली. दसऱ्यानंतर वेल वाळली, आणि मग कळलं की ते सराटे आहेत. पठारावरून मेंढरांच्या लोकरीत अडकून आले होते आणि आमच्या मैदानात सांडले होते. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. आम्ही अनवाणी खेळायचो. पहिल्याच दिवशी निम्म्या मुली लंगडत घरी गेल्या. संस्कृतीच्या टाचेत काटा मोडला, टाच पिकली, ताप आला.

ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. दुसऱ्या कुणी मैदानात मेंढरं बसवलीच नसती.

पंचायतीची बैठक झाली. आम्ही खिडकीशी उभ्या होतो. सयाजीआण्णांचं म्हणणं सरळ होतं. मुलग्यांकडे बूट आहेत, मुलींकडे नाहीत. काट्यात मुलग्यांनाच खेळता येईल. तेव्हा रेघ पुसावी आणि मैदान मुलग्यांना द्यावं.

मामा उठले. "मेंढरं मी बसवली. चूक माझी. पोरींचं मैदान का काढताय?"

"माझ्या नातीचा पाय तू बघितला का?"

"बघितला. मीच फडकं बांधलं, आण्णा. मला संक्रांतीपतुर मुदत द्या."

"आणि संक्रांतीला काय?"

"तुमी अनवाणी चाला. ह्या खांबापासून त्या खांबापतुर. फक्कीच्या आत एक बी काटा रुतला तर मी स्वतः रेघ पुसतो. परत मुलींचं नाव काढायचो न्हाई."

सगळे आण्णांकडे बघू लागले. आण्णा म्हणाले, "चालतो."

बाहेर आल्यावर मामा आम्हाला म्हणाले, "खोडदच्या त्या दुर्बिणीच्या तबकड्या पार आभाळापल्याडचं ऐकत्यात म्हणं. आन् आपल्या सभासदाला खालच्या पेठंतलं ऐकू येत न्हाई."

मैदान झाडून सराटे जात नाहीत, ते मातीत दबतात. मामांनी दोन दिवस झाडून पाहिलं. मग ते घरी गेले आणि ट्रंकेतून वडिलांची घोंगडी काढली. ती पाण्यात बुडवली, मैदानात अंथरली, वर दगड ठेवले, दोरी बांधली आणि ओढत निघाले. लंगडत, खांबापासून खांबापर्यंत. घोंगडी उलटी केली तर खालची बाजू सराट्यांनी भरलेली.

"लोकरीतनं आलं, लोकरीतनंच जाईल," म्हणाले.

रतनमामी फाटकातून ओरडत आल्या. "सासऱ्याची घोंगडी मातीत घातली! लाज हाय का?"

"त्यांची मेंढरं, त्यांचं काटं, त्यांची घोंगडी. माझं काय हाय ह्यात?"

मामी परत गेल्या. मामा दोरी ओढत राहिले. थोड्या वेळानं त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावर त्यांची स्वतःची घोंगडी होती, माहेराहून आणलेली. "एकानं काय व्हतंय?" म्हणाल्या.

त्या थंडीत रोज सकाळी मामा-मामी दोन घोंगड्या ओढायचे. आम्ही शाळेआधी येऊन लोकरीतले काटे वेचायचो आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचो. मामा ते चुलीत घालायचे. घोंगडी फिरून झाली की ते वहाणा फाटकाशी काढून साऱ्या चौकातून चालायचे. काटा रुतला की थांबायचे, काढायचे, त्या जागेवर पुन्हा घोंगडी. काटे शोधायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. तळपाय होते.

संक्रांतीला बागेत हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. संगीत खुर्चीच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पण कुणी त्यांवर बसेना. सगळ्या मैदानाकडे तोंड करून उभ्या. सयाजीआण्णांनी फाटकाशी जोडे काढले. धोतर वर घेतलं. पहिल्या खांबापासून निघाले.

ते भराभर चालले नाहीत. एकेक पाऊल दाबून टाकत होते. अर्ध्यावर थांबले, टाच रगडून पाहिली. मामा खांबाशी उभे होते, जमिनीकडे बघत. मी संस्कृतीचा हात धरला होता.

आण्णा दुसऱ्या खांबाला पोचले. हात लावला. आण्णांचं समाधान झालं नव्हतं. ते तसेच पुढे गेले, चौकाची फक्की ओलांडून कुंपणाच्या भिंतीकडे. चार पावलांवर "आई गं!" करून त्यांनी पाय उचलला.

"सापडला!" आण्णा एका पायावर उभे राहून म्हणाले.

"आण्णा," मामा म्हणाले, "शब्द फक्कीच्या आतला व्हता. तिकडं अजून घोंगडी फिरली न्हाई."

बायकांत हशा उठला. संस्कृती पळत गेली आणि आण्णांच्या पायातला काटा तिनं काढला. आण्णा नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. आधी हसायचं नाही असा चेहरा केला, मग हसलेच. "राहू दे रेघ," म्हणाले. "पण बिरदेव, तो पट्टा तेवढा काढ. लई लागतंय राव."

"काढतो," मामा म्हणाले.

रेघ राहिली. हरळी राहिली. आम्ही सूर मारायला शिकलो. पुढच्या वर्षी जुन्नरला जिंकलो, त्यापुढे पुण्यात हरलो, आणि हरल्याचंही वाईट वाटलं नाही. संस्कृती पोलिसात आहे. भरतीचं धावणं तिनं याच मैदानावर केलं. तिचे आजोबा फाटकाशी घड्याळ धरून बसायचे. मी मंचरला आणि मग पुण्याला मराठी विषय घेऊन शिकले. सुट्टीत आले की पहिली भेट मैदानात.

"तुझ्या पुस्तकांत सराटा हाय का गं?" मामा विचारायचे.

"आहे की. जुन्या कवितेत आहे."

"रुततो का?"

"रुततो."

"मंग बराबर लिवलंय."

मी लाजरी होते, घरात मोठ्यानं बोलायचे नाही. रोज संध्याकाळी मोठ्यानं 'खो' म्हणायची एक जागा मला होती. ती जागा कुणीतरी तळपायांनी तपासून ठेवली होती. याहून मोठं मला कुणी काही दिलं असेल तर ते मला आठवत नाही. हे मी मामांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बाक पुसायचा राहिलाय, तेवढा पूस."

फक्कीच्या आत सराटा परत आला नाही. पलीकडचा, भिंतीलगतचा पट्टा मात्र हटेना. सराट्याचं बी मातीत वर्षानुवर्षं दडून राहतं. मामा दर पावसाळ्यात त्या पट्ट्यात बसायचे. फूल आलं की काटा धरायच्या आत उपटायचं. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या चिंचेच्या झाडापर्यंत. दर वर्षी वेल थोडी कमी यायची. "आण्णांना शब्द दिलाय," म्हणायचे. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली, तरी म्हणायचे.

मंगळवारी सकाळी मी गेले तेव्हा मामा पट्ट्यात बसले होते. मी वहाणा काढून शेजारी बसले.

"औंदा लई न्हाई," म्हणाले. "एवढ्या सालचं उपटलं की बी संपलं बघ."

"मग चला, सगळं आजच उपटू."

"नगं. गुडघा ऐकत न्हाई. राहिलेलं उद्या."

त्यांनी हात झटकले, भिंतीला धरून उठले, मैदानाकडे एकदा पाहिलं.

आज मी पुन्हा गेले होते. फाटकाला कुलूप नव्हतं. पट्ट्याच्या त्या टोकापासून निम्म्यापर्यंत उपटलेल्या वेली ओळीनं पडल्या आहेत, मुळं वर करून, सुकलेल्या. तिथून चिंचेपर्यंत वेल पसरली आहे. तिला पिवळी फुलं आली आहेत.