शंकरच्या अ‍ॅपसाठी कडावच्या फेऱ्या

हसणार नसाल तरच सांगतो. साधं एक अ‍ॅप निवडायचं, त्यात माणसाचं चुकून चुकून किती चुकणार? माझं थेट व्याह्यांच्या घरापर्यंत चुकलं!

माझा मित्र शंकर मुलाकडे कॅनडात गेला, कायमचा. रोज संध्याकाळी दहिवलीच्या नाक्यावर आमचा चहा व्हायचा. तो गेल्यावर मी एकटाच गेलो, तर टपरीवाल्यानं सवयीनं दोन कप भरले. आता दुसरा कोणाला पाजू? त्या दिवसापासून नाक्याकडे फिरकलोच नाही.

मग एकदा शंकरचा फोन. "लेका, मी एका नव्या सोशल नेटवर्कवर आलोय. याला एक मालक नाय रं. लोकांनी आपापले सर्व्हर ठेवलेत, पण सगळे एकमेकांना जोडलेले. मी रोज फोटो टाकतो, तू पण ये. माझं अ‍ॅप फक्त आयफोनवर मिळतं, पण तू..."

आणि फोन कट! परत लावला तर लागेना.

माझा फोन अँड्रॉइड. म्हणजे शंकर आत आणि मी बाहेर! आयफोन होता कडावला दिलेल्या माझ्या पुतणीकडे, अश्विनीकडे. गेलो टेंपोनं. तिनं शंकरचं अ‍ॅप घेतलं, माझं खातं उघडून दिलं, आणि काय सांगू, शंकर दिसला! बर्फात कानटोपी घालून उभा. खाली लिहिलेलं, "इथल्या चहात दम नाय."

झालं! रोज संध्याकाळी मी कडावात. त्याच्या दोन ओळी वाचायच्या, आपल्या दोन लिहायच्या. तोवर अश्विनीची सासू ताट वाढायची. "बसा दादा, भाकरी गरम हाय." बाई फार कणवेनं बघायची. मला वाटलं, शंकर कॅनडात गेल्याचं हिला कळलं असणार.

कसलं काय! तिनं आमच्या घरी फोन लावला. "विहीणबाई, रागावू नका, पण दादांना घरी जेवाया मिळत नाय का? रोज येतात, फोनमदी बघून डोळं पुसतात, जेवतात आन् जातात."

मी घरी पोचलो तर बायको दारातच. "कोण आहे त्या फोनमध्ये?"

"शंकर!"

"शंकरसाठी रडता?"

खरंच होतं ते.

बायकोनं तिथल्या तिथं अश्विनीला स्पीकरवर फोन लावून विचारलं. पोरगी पोट धरून हसली. "काका, अ‍ॅप कुठलंही चालतं! तुमच्या फोनवर दुसरं घ्या. खातं तेच, शंकरकाका तेच. मला वाटलं, तुम्हाला आमच्याकडे यायला आवडतं!"

घेतलं दुसरं. शंकरला सगळी हकिकत लिहिली. लगेच उत्तर, "येड्या, तेच सांगत होतो, तेवढ्यात फोन कटला. आणि ते आयफोनवालं मी दुसऱ्याच दिवशी काढलं, अक्षरं बारीक होती. पण खरंच रडलास का रं?"

मी लिहिलं, "छे! चुलीचा धूर गेला डोळ्यांत."

तिथलं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, हे कोणी सांगायला नको? खाली लगेच अश्विनीची ओळ आली, "काका, आमच्याकडे गॅस आहे."