न चुकणारी बंदूक

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मग अंगाला थोडा घाम सुटतो. हसू आरोपीचं येतं, घाम माझ्या स्वतःच्या घाईचा.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि त्याच भागातल्या एका ठाण्यावर मी नवा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपवून स्टेशन डायरी लिहीत बसलो होतो, तेवढ्यात मेडशीकडून एक बैलगाडी ठाण्यासमोर येऊन थांबली. गाडीत चाळिशीचा एक शेतकरी आडवा पडलेला. उजव्या भुवईवर भोक, डोळा सुजून बंद, सदरा रक्तानं भरलेला. खबर त्याच्या भावानं दिली. वावरात तूर सोंगत असताना शेजारच्या बागाईतदारानं हवेच्या बंदुकीनं छर्रा मारला. दोघांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुनं वैर होतं.

जखमीला वाशीमच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी निरोप दिला, छर्रा काढला आहे, पण सूज उतरेपर्यंत डोळ्याचं काही सांगता येत नाही. डोळा गेला तर जबर दुखापत, आणि मुद्दाम नेम धरलेला असेल तर त्याहून मोठं कलम. बागाईतदाराच्या नशिबात कितीतरी वर्षांची सक्तमजुरी लिहिली जाणार होती.

पंचनामा केला. बांधालगत जांबाची म्हणजे पेरूची बाग, तिच्यात लाकडी मचाण. मचाणापासून जांबाचं एक झाड वीस पावलांवर, आणि त्याच्या मागे तेवढ्याच अंतरावर शेजाऱ्याचं वावर. बंदूक मचाणावरच सापडली. मधोमध मोडून छर्रा भरायची, आत जाड स्प्रिंग, आणि वर चक्क दुर्बीण बसवलेली. हवेच्या बंदुकीवर दुर्बीण मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याच दुपारी आमचा एक खबऱ्या ठाण्याच्या मागच्या बाजूनं आला.

"सायेब, मांगच्या बाजाराले शेलूबाजारात हा गडी सगळ्याइच्या म्होरं बोलून राह्यला होता. आता डोळाच फोडतो म्हने. माही बंदूक चुकत नाई म्हने."

वैर, धमकी, हत्यार आणि जखम. मला आणखी काय हवं होतं? नव्या अधिकाऱ्याला आरोपीचं चालान कोर्टात पाठवायची घाई असते, तशी ती मलाही होती.

बागाईतदाराला समोर बसवलं. पन्नाशीचा, पीळदार मिशीचा माणूस. तो घाबरलेला दिसत नव्हता, दुखावलेला दिसत होता.

"छर्रा तू मारलास?"

"हो जी. राघूवर मारला. जांब खाऊन राह्यले होते."

"मग बाजारात डोळा फोडतो म्हणालास ते कोणाचा?"

"राघूचाच. मानसाचा कायले फोडू मी?"

"राघूवर मारला, तर शेजाऱ्याला कसा लागला? नेम चुकला का?"

इथं तो ताठ झाला. "नेम चुकला नाई. माही बंदूक चुकत नाई, सायेब."

मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हेच. मी म्हणालो, "अरे, बंदूक चुकत नाही, म्हणजे जिथे नेम धरलास तिथेच छर्रा गेला. तू आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आहेस." त्यानं मान खाली घातली, पण शब्द काही बदलला नाही. मी जबानी लिहून घेतली आणि मनाशी म्हटलं, चला, गुन्हा कबूल झाल्यासारखाच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको शिदोरी घेऊन आली. ठाण्यावर भाकरी घेऊन येणाऱ्या बायका दोन प्रकारच्या असतात. एक रडतात, दुसऱ्या दारात उभ्या राहून अंदाज घेतात. ही दुसऱ्यातली होती.

"सायेब, यायनं काय सांगतलं तुमाले?"

"बंदूक चुकत नाही म्हणतो."

तिनं कपाळावर हात मारला. "आता काय म्हनावं या मानसाले! ते बंदूक आनल्यापासून एक राघू पडला नाई, बापा. जांबच पडले. माहा भाऊ शिकारी हाय. त्यानं सांगतलं व्हतं, हलकी घ्या, खांद्याले लावून पाहा, दहा छर्रे मारून मंगच घ्या. यायले वाटलं, जितकी जाड स्प्रिंग तितका नेम पक्का. वरून कोन्या सायबाच्या रायफलीची जुनी दुर्बीन आनून लोहाराकून बसवली. साऱ्या गावात मिरवली. आता चुकते म्हनतीन तर माहा भाऊ हसन ना!"

मी लेखणी खाली ठेवली. माणूस तुरुंगात जायला तयार होता, पण मेहुण्यापुढे हार मानायला तयार नव्हता. आणि मी त्याच्या त्या हट्टाला कबुलीजबाब समजत होतो.

अकोल्याच्या मुख्यालयात हत्यारं दुरुस्त करणारा एक जुना हवालदार होता. वरिष्ठांना लिहून त्याला बोलावून घेतलं. तो आला, बंदूक हातात घेतली आणि दुर्बिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी नळी मोडली, मिटली, सांध्याला धरून हलवून पाहिली. "सांधा घट्ट आहे. बंदूक वाईट नाही," एवढंच म्हणाला. मग पंचांना, बागाईतदाराला आणि मला घेऊन बागेत गेला.

त्यानं जांबाच्या झाडावर कागद चिकटवला. मागचं वावर रिकामं करून घेतलं. मचाणावर चढून आरोपीला विचारलं, "तू कशी धरत होतास?" बागाईतदारानं बंदूक मचाणाच्या लाकडावर टेकवून, वरून गच्च दाबून दाखवली. हवालदारानं तशीच धरली आणि दुर्बिणीतून पाच छर्रे मारले. दोन कागदाला लागलेच नाहीत. एक वीतभर वर, उरलेले दोन वेगवेगळ्या दिशांना.

मग त्यानं दुर्बीण काढून कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. "साहेब, रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे, असे दोन झटके देते. ही दुर्बीण त्यासाठी केलेलीच नाही, आतली नेमाची तार सुटली आहे. तिला धरणाऱ्या या कड्या बघा, जागेवरून सरकल्यात." कड्यांखाली पोलादावर ताजा चकचकीत ओरखडा होता. पंचांनी तो बोट लावून पाहिला. "आणि ही बंदूक लाकडावर टेकवली की उसळते. तळहातावर नुसती ठेवायची, दाबायची नाही."

दुर्बिणीशिवाय, बंदूक तळहातावर ठेवून, नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवरून नेम धरून त्यानं पाच छर्रे मारले. पाचही लिंबाएवढ्या जागेत.

आरोपीचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे बंदूक चांगली हाय!"

त्या क्षणी मला त्याचा राग यायला हवा होता. मला हसू फुटलं. पंचही हसले. तुरुंगाच्या दारातून परत आलेला हा माणूस आधी आपल्या बंदुकीची खुशाली विचारत होता!

"बंदूक चांगली, धरणारा वाईट," हवालदार म्हणाला. "आणि दुर्बिणीत राघू मोठा दिसतो, त्याच्यामागचा माणूस दिसत नाही."

बागाईतदार हळूच म्हणाला, "लिवा सायेब. नेम चुकला. चुकी माही हाय." त्या सहा-सात शब्दांसाठी त्याला किती जोर लावावा लागला, ते त्याच्या मिशीवरून कळत होतं.

आठव्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, सूज उतरली, डोळ्याला दिसतं. मी खुर्चीत टेकून बसलो आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिलो. एकाचा डोळा वाचला होता, दुसऱ्याची वर्षं. कलम बदललं, हयगयीनं दुखापत एवढंच उरलं आणि कोर्टाच्या परवानगीनं दोघांची तडजोड झाली. कोर्टाबाहेर बागाईतदार सवयीनं कुणाला तरी सांगू लागला, "तशी माही बंदूक चुकत नाई, पन..." तोच शेजारी भुवईवरच्या पट्टीला हात लावून म्हणाला, "पन काय? माह्या भुवईले इचार ना!" वैर असलेली ती दोन माणसं त्या दिवशी एकत्र हसली, आणि पाण्याची पाळीही त्याच हसण्यात ठरून गेली.

पुढे नोकरीत मी शेकडो जबान्या घेतल्या. तुरुंगाला भिऊन खोटं बोलणारे खूप भेटले, त्यांना ओळखणं सोपं असतं. अवघड असतो तो हसं होण्याला भिणारा. म्हणून समोरचा माणूस आपल्याच विरुद्ध काही ठासून सांगू लागला की मी लेखणी खाली ठेवत असे आणि त्याच्या घरून भाकरी घेऊन कोण येतं त्याची वाट पाहत असे.