अंदाजे साखर

आर्डिस ट्वेटने उभी हयात शाळेची बस चालवली. नॉर्थ डकोटातला ऐन हिवाळा, नोकरीचा पहिला दिवस, आणि आधीच्या ड्रायव्हरने तिला सांगितलेला रस्ता असा: 'जिथे पूर्वी लाल कोठार होतं, तिथे डावीकडे वळ.' पूर्वी! बस बर्फाच्या चरात गेली, पोरं आनंदाने किंचाळली, आणि तेव्हापासून कुणी काही अर्धवट सांगितलं की आर्डिसच्या डोक्यात तिडीक जायची.

चर्चच्या गळक्या छपरासाठी बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि संपादन आर्डिसच्या गळ्यात पडलं, तेव्हा जाणकारांनी ओळखलं, आता कुणाची धडगत नाही.

आलेल्या कृती एकीपेक्षा एक. 'मोठं भांडं घ्या.' केवढं? 'नेहमीसारखं भाजा.' कुणाच्या नेहमीसारखं? एकीने तर 'पुढचं तुम्हाला माहीतच आहे' असं लिहून हात झटकले होते.

आर्डिस प्रत्येक कृती नवऱ्याच्या हाती देऊ लागली. ऑरिनने जन्मभर गहू पिकवला, पण टोस्टपलीकडे काही केलं नव्हतं. तो ओट्यापाशी उभा, ती पेन्सिल घेऊन स्टुलावर; त्याला जमलं तर कुणालाही जमेल, हा तिचा हिशेब.

"'खोलीच्या तापमानाचं लोणी,'" त्याने वाचलं. "कुठल्या खोलीच्या? मागच्या खोलीत तर पाणी गोठतं."

आर्डिसने ते खोडून लिहिलं: 'बोट दाबल्यावर खळगा पडेल असं लोणी.'

"'कांदा तांबूस होईपर्यंत परता.'" ऑरिन कढईत डोकावला. त्याला मुळात रंगांतला फरक धड कळत नसे. "हा तर मला मघापासून तांबूसच दिसतोय."

"मग उतरव."

उतरवला तो कच्चाच. दुसऱ्यांदा त्याचा कोळसा झाला. शेवटी आर्डिसने लिहिलं, 'कांदा लगद्यासारखा मऊ झाला, गोड वास सुटला, की गॅस बंद.' त्या खेपेचा कांदा ऑरिनने नुसता ब्रेडवर घालून संपवला.

उन्हाळ्याच्या तोंडावर वर्ला स्कोगेनच्या रुबार्ब पाईची पाळी आली. रुबार्बचे आंबटढाण दांडे चिरून साखर घालायची, वर-खाली पिठाची पारी. गावात तिच्या पाईला तोड नव्हती, आणि तिच्या कृतीने आजवर कुणाची जमलीही नव्हती. वर्ला मुद्दाम काहीतरी लपवते, असं सगळे म्हणत. कृतीत साखरेपुढे लिहिलं होतं, 'अंदाजे'.

ऑरिनने अंदाज केला. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं काय वाकडं आहे गं तिच्याशी?"

आर्डिस मापाचा कप घेऊन तडक वर्लाकडे गेली.

"अगं, जे करते तेच लिहिलंय," वर्ला उखडली. "मी काय लबाड आहे?"

"मग माझ्यासमोर कर."

वर्लाने साखरेत मूठ घातली की आर्डिस तिचं मनगट धरायची. "थांब! आधी कपात टाक."

"मनगट सोड, नाहीतर लाटणं घालीन डोक्यात!"

दोन पाई झाल्या. दोन्हींत साखर वेगवेगळी, आणि दोन्ही अप्रतिम. आर्डिस चक्रावली. तिसऱ्या वेळी तिने हात सोडला आणि तोंडाकडे बघत बसली. वर्लाने चिरता चिरता एक फोड तोंडात टाकली, तिचा डावा डोळा गच्च मिटला, आणि मग मूठ साखरेत गेली.

"तू चाखतेस!"

"मी? कधी?"

"आत्ता! एक डोळा मिटलास."

"काहीतरीच." वर्लाने दुसरी फोड खाल्ली. डोळा मिटला. ती मटकन खुर्चीत बसली. "अगं बाई! लोक इतकी वर्षं म्हणतात, ही काहीतरी लपवते. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं, लपवतही असेन."

पुस्तकात छापलं गेलं: 'रुबार्बची एक फोड चाखा. एक डोळा मिटला तर एक कप साखर. दोन्ही मिटले तर दीड.' काही चुकलंय का, असं विचारायला छापखान्यातून फोन आला. आर्डिसने ठणकावलं, "एक अक्षर हलवू नका."

पुढच्या उन्हाळ्यात चर्चच्या तळघरातल्या जेवणाला जिकडेतिकडे रुबार्ब पाई. वर्ला चमचा घेऊन टेबलाभोवती फिरली. "पारी जाड झालीये," एकीला म्हणाली. "साखर बरोबर," दुसरीला म्हणाली, आणि ते म्हणताना तिला जरा जड गेलं.

तिची स्वतःची पाई त्या दिवशी पहिल्यांदाच अर्धी उरली. आता ही बिथरणार, म्हणून सगळ्या जपून होत्या. वर्लाने ती फॉइलमध्ये नीट गुंडाळली.

"बरं झालं," ती आर्डिसला म्हणाली. "माझ्या वाट्याला आजवर कधी तुकडाच आला नव्हता."