कोपरातली शीर

शीर सापडत नाही, हे वाक्य सिस्टरला ठाऊक नव्हतं. नव्या नर्सेसनी टोचून टोचून चाळण केलेला हात शेवटी तिच्याकडेच यायचा. पद्धत एकच: दंडावर रबरी पट्टा करकचून आवळायचा, शीर टरारून वर येईपर्यंत. "शिव्या घाला, पण हात हलवू नका," ती पेशंटला बजावायची. त्या पट्ट्यानेच एक दिवस घात केला.

तिची धाकटी बहीण पित्ताशयाच्या ऑपरेशनला दाखल झाली. धाकटी शिवणकामावर पोट भरणारी, कात्रीवर उजवा हात पक्का बसलेला. गुंगीचं इंजेक्शन ताईनेच द्यायचं, हे वेगळं सांगायला नको होतं. उजव्या कोपराच्या खळगीत, कातडीलगत, एक जाडजूड शीर दिसली. सिस्टर खूश झाली.

"आयतीच सापडली बघ."

औषध अर्धं आत गेलं आणि धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, बोटं पेटली गं माझी."

सिस्टरने घाईघाईने पट्टा सोडला. सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळलं आणि बोटाखालची शीर ठोके देऊ लागली. शिरेला ठोका नसतो, तो हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिणीला असतो. आवळलेल्या पट्ट्याने तो दाबून टाकला होता. औषध रोहिणीतून थेट बोटांत उतरलं होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत बहिणीची बोटं पांढरीफटक पडत गेली.

"काहींची रोहिणी अशी वरच असते," धावत आलेले सर्जन म्हणाले. "मीही आजवर पुस्तकातच पाहिली होती." त्यांनी तिला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना. खूप उपाय झाले. अंगठा आणि तर्जनी वाचली, बाकीची तीन बोटं काळी पडली आणि कापावी लागली.

पित्ताशयाचं ऑपरेशन राहिलंच होतं. ते ठरलं तेव्हा सर्जननी तपासून सांगितलं, डाव्या कोपरातही तशीच रोहिणी आहे, सुई हाताच्या पाठीवर टोचा. दुसरी नर्स आली, तर धाकटीने तिला परत पाठवलं.

"माझी ताई टोचेल."

सिस्टरने डाव्या हाताच्या पाठीवरच्या शिरेवर बोट टेकवलं. तिथे ठोका नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तो लागत होता. तो तिच्याच बोटातला होता.

"मला नाही जमणार गं," ती म्हणाली.

"तुला नाही तर कुणाला?" धाकटी म्हणाली आणि उरलेला धड हात तसाच पुढे धरून राहिली.