वयाचा पुरावा

माझी चुलतबहीण फुलंब्रीला दिलेली, वय पंधरा. मी सतरा वर्षांची, बिनलग्नाची. तिचा नवरा आम्हाला दुपारच्या सिनेमाला घेऊन गेला. बाहेर पाटी होती, ‘फक्त प्रौढांसाठी’. दारावरच्या चाचांनी आम्हा दोघींना अडवलं.

बहीण लगेच म्हणाली, “चाचा, मी पंधराची हाय.” नवऱ्याशेजारी अंधारात बसायला ती घाबरत होती; तिला माझ्याबरोबर परत यायचं होतं.

नवऱ्यानं तिच्या पदराखालून मंगळसूत्र ओढून दाखवलं. “बायको हाय माझी.”

चाचा हसले. “शादी हो गई, तो बच्ची कैसी? जाओ अंदर.” मला मात्र म्हणाले, “तू छोटी है, घर जा.”

“ताई, मी येईपर्यंत थांब,” ती आतून म्हणाली.

मी थांबले नाही. ऊन फार होतं.